सांगावं किती, आणि कुणापुढं?



आजची गोष्ट आमच्याच गटाच्या एका चुकीपासून सुरू होते. गेल्या पावसाळ्यात ग्रामसंघानं सगळ्या गटांकडून कर्जवाटपाचा तपशील मागवला. आमच्या सचिवताईंनी वेळ वाचावा म्हणून कर्जवहीच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढला आणि पाठवून दिला. पाठवायचा होता लेखापालताईला एकटीला. गेला गावातल्या सगळ्या गटांच्या मिळून असलेल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. पानावर नावं होती, रकमा होत्या आणि शेवटच्या रकान्यात कर्जाचं कारण होतं. कुणाचं शेळी, कुणाचं मुलाची फी, कुणाचं शिलाई मशीन. एकीच्या नावापुढं लिहिलं होतं, ‘पिशवीचं ऑपरेशन’.

गावातल्या कितीतरी घरांत चांगला फोन एकच असतो आणि तो बहुतेक वेळा नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात असतो. संध्याकाळपर्यंत ते पान बायकांनी वाचलं होतं आणि पुरुषांनीही. दुसऱ्या दिवशी नळावर एकीनं तिला सगळ्यांसमोर विचारलं, “काढली म्हणे?” पुढच्या दोन बैठकांना ती आलीच नाही. बचतीचे पैसे तेवढे मुलीच्या हाती पाठवले.

सचिवताईंची मुलगी तालुक्याला कॉलेजात शिकते. तिनं तो फोटो बघितला आणि म्हणाली, “आई, हे टीएमआय झालं गं.” आम्ही विचारलं, हे टीएमआय म्हणजे काय? तिनं सांगितलं तेव्हा आम्हाला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मग आम्ही त्या शब्दाच्या मागंच लागलो. हा शब्द आला कुठून? त्याच्या आधी लोक काय करत होते? आणि आमच्या गटात जे झालं त्याला हा शब्द पुरतो का? आज आपण तेवढंच बोलणार आहोत.

टीएमआय ही तीन इंग्रजी अक्षरं आहेत. पूर्ण शब्द ‘टू मच इन्फर्मेशन’, म्हणजे ‘फार झाली माहिती’. समोरच्यानं आपल्या अंगाचं, आजारपणाचं, नवराबायकोचं काही असं सांगितलं की ऐकणाराच अवघडून जातो, तेव्हा तो हसत म्हणतो, टीएमआय. समजा कुणी कामाचं विचारायला फोन केला आणि पलीकडून जुलाबाचं साग्रसंगीत वर्णन सुरू झालं, तर आजची मुलं हेच म्हणतील. कधी सांगणाराच आधी माफी मागतो, “टीएमआय होईल, पण सांगते,” आणि मग सांगतो.

इथं एक फरक ध्यानात घ्यावा. आपल्याकडं पाल्हाळ हा शब्द आहे. पाल्हाळ म्हणजे लांबण लावणं. टीएमआयचा लांबीशी संबंध नाही. तास-दीड तासाचं बोलणं टीएमआय नसेल आणि तीन शब्द असतील. ‘पिशवीचं ऑपरेशन’ हे मोजून दोनच शब्द होते.

या शब्दाचा एक भाऊबंदही आहे, ‘ओव्हरशेअर’. शेअर म्हणजे वाटणं, ओव्हर म्हणजे गरजेपेक्षा जास्त. टीएमआय हा ऐकणाऱ्याच्या तोंडचा शब्द आहे, तर ओव्हरशेअर हा सांगणाऱ्याच्या वागण्याला दिलेलं नाव आहे. अमेरिकेतल्या ‘वेबस्टर्स न्यू वर्ल्ड’ या शब्दकोशानं २००८ मध्ये हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. ब्रिटनमधल्या ‘चेंबर्स’ शब्दकोशानं २०१४ मध्ये तोच निवडला. दोन देशांतल्या शब्दकोशांना हा शब्द एवढा महत्त्वाचा वाटला, म्हणजे तोवर ही सवय घरोघरी पोचली होती.

आता ही अक्षरं. पूर्ण शब्द सोडून नुसती पहिली अक्षरं लिहायची खोड मोबाईलनं लावली असं आपल्याला वाटतं. तसं नाही. ‘ओएमजी’, म्हणजे ‘अरे देवा’ या अर्थाची तीन अक्षरं, १९१७ साली ब्रिटिश आरमाराचे लॉर्ड फिशर यांनी विन्स्टन चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात सापडतात. तेव्हा फिशर यांचं वय सत्तरीच्या पुढं होतं. तारेचंही तसंच होतं. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणूस एकेक शब्द तोलून लिहायचा. आपल्या देशातली तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

मग आला एसएमएस. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी ब्रिटनमध्ये गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसायची, तीही इंग्रजी. देवनागरीत लिहिलं तर फक्त ७०. म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणी मराठीच बोलणं इंग्रजी अक्षरांत लिहायला शिकल्या. जागा कमी, म्हणून शब्द तुटके. टीएमआयसारखे शब्द अशा तुटक लिहिण्यात रुळले.

‘फार माहिती’ या बोलण्याचा अर्थ मात्र आधी वेगळा होता. १९७० साली अमेरिकन लेखक अॅल्विन टॉफ्लर यांचं ‘फ्यूचर शॉक’ हे पुस्तक आलं. माणसावर माहितीचा एवढा मारा होतोय की डोकं चालेनासं होईल, ही चिंता त्यानं लोकांपर्यंत नेली. तेव्हा तक्रार जगाची होती. वर्तमानपत्रं, रेडिओ, टीव्ही, जाहिराती, हे सगळं फार झालं अशी. विसाव्या शतकाच्या शेवटाला तेच शब्द माणसं एकमेकांना म्हणू लागली. ‘जगाची माहिती फार झाली’ याचं ‘तुझी माहिती फार झाली’ असं झालं. असं का झालं ते कळायला जरा मागं जावं लागेल.

आपल्या आजी-पणजीच्या काळात बायका बोलत नव्हत्या असं नाही. पहाटे जात्यावर बसून त्यांनी सासरचा जाच, माहेरची ओढ, सवतीचं दुःख, मेलेलं मूल, सगळं ओवीत सांगितलं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. एक लाख ओव्या! मग या बायकांना कुणी ‘फार सांगतेस’ असं का म्हटलं नाही? कारण पहाटेच्या त्या वेळी ऐकणारी समोर दुसऱ्या बाजूनं खुंटा धरून बसलेली असायची. जाऊ, नणंद, शेजारीण. जात्याच्या घरघरीत आवाज बाहेर जायचा तो अर्धामुर्धा. आणि ओवीत नाव न घेता सांगायची सोय होती. सांगायचं सगळं, पण कुणापुढं ते ठरलेलं.

पत्राचं बघा. आपल्या देशात १ जुलै १८७९ रोजी पोस्टकार्ड सुरू झालं. किंमत पाव आणा. स्वस्त होतं, म्हणून गोरगरिबांचं झालं. पण ते उघडं. पोस्टमन वाचणार, दुकानात टपाल येत असेल तर दुकानदार वाचणार, आणि घरात कुणाला अक्षरओळख नसेल तर मास्तर मोठ्यानं वाचून दाखवणार. म्हणून आपल्या लोकांनी उघड्या कार्डावर झाकून लिहायची रीत बसवली. ‘इकडील सर्व क्षेम’, ‘पीक बरे आहे’, आणि शेवटी ‘बाकी भेटीअंती बोलू’. त्या ‘बाकी’मध्ये सगळं असायचं. सुनेचं दुखणं, भावकीचा वाद, मुलीचं परत येणं. मृत्यूची बातमी असेल तर कार्डाचा कोपरा फाडलेला असे. कोपरा बघूनच घर काय ते समजायचं. पुढं १९५० मध्ये आंतर्देशीय पत्र आलं, घडी घालून चिकटवायचं. तेव्हा जरा मोकळं लिहिता आलं.

म्हणजे आपल्या माणसांना अक्षरं कमी येत असतील, पण हा हिशोब पक्का येत होता. कागद उघडा असेल तर बोलणं झाकायचं, आणि माणूस जवळचं असेल तर बोलणं उघडायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते याच हिशोबानं. ‘चव्हाट्यावर आणणं’ हा शब्दही तसाच. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. तिथं बोललेलं कुठल्या वाटेनं कुठं जाईल, ते बोलणाऱ्याच्या हातात राहत नाही.

हा हिशोब पहिल्यांदा बिघडवला तो कॅमेऱ्यानं. १८८८ साली अमेरिकेत कोडॅकचा हातात धरायचा कॅमेरा विक्रीला आला. तोवर फोटो म्हणजे स्टुडिओत जाऊन ताठ बसणं. आता कुणीही कुणाचाही, न विचारता, काढू शकत होता आणि वर्तमानपत्रं छापू शकत होती. दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनी हार्वर्डच्या कायद्याच्या मासिकात एक लेख लिहिला. माणसाचं खाजगी आयुष्य हे त्याचं स्वतःचं आहे आणि लोकांनी त्यात डोकावू नये हा त्याचा हक्क आहे, असं त्यांनी मांडलं. खाजगीपणाच्या कायद्याची चर्चा आजही त्या लेखापासून सुरू करतात.

तोवर भीती दुसऱ्याची होती. दुसरा डोकावेल, दुसरा छापेल. इंटरनेटनं नवीनच काही केलं. माणूस आपणहून दार उघडायला लागला.

१९९४ मध्ये जस्टिन हॉल नावाच्या अमेरिकन कॉलेजविद्यार्थ्यानं इंटरनेटवर आपल्या आयुष्याची हकिगत लिहायला सुरुवात केली. प्रेम, घर, दुःख, सगळं. १९९६ मध्ये जेनिफर रिंगली या कॉलेजविद्यार्थिनीनं आपल्या खोलीत कॅमेरा लावला. तो ठरावीक वेळानं फोटो काढून इंटरनेटवर टाकायचा. ती अभ्यास करते, झोपते, केस विंचरते, जग बघतंय. सात वर्षांनी, २००३ च्या अखेरीस, तिनं तो बंद केला. तेव्हा लोकांना हे वेड वाटलं होतं. पण पुढं फेसबुक २००४ मध्ये आलं, व्हॉट्सअॅप २००९ मध्ये, आणि मग ज्याला वेड म्हणत होते ती सगळ्यांची रोजची रीत झाली.

आपल्या देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं, पण ते शहरात, आणि महाग. आपल्यापर्यंत ते खऱ्या अर्थानं पोचलं २०१६ नंतर, डेटा स्वस्त झाला तेव्हा. म्हणजे अमेरिकेतल्या लोकांना ज्या गोष्टीची सवय व्हायला वीस-बावीस वर्षं मिळाली, ती आपल्या हातात एका दिवाळीत येऊन पडली. पोस्टकार्डावर काय लिहू नये हे ठरवायला आपल्या आज्यांना पिढ्या मिळाल्या. आपल्याला कुणी काही सांगितलंच नाही. त्यामुळं आपल्याकडून चुका झाल्या म्हणून लाजायचं कारण नाही. शिकायचं कारण मात्र आहे.

इथवर ऐकून एखादी म्हणेल, मग बरंय, बाईनं तोंड बंदच ठेवावं. मैत्रिणींनो, इथंच थांबायला हवं. कारण ‘फार बोललीस’ हा शब्द बाईवर फार जुन्या काळापासून वापरला गेलाय.

रखमाबाईंची गोष्ट घ्या. मुंबईतल्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठं झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडं नांदायला नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्यानं कोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहानं बाईच्या आयुष्याचं काय होतं याबद्दल पत्रं छापून आली. खाली सही होती, ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाची. ती पत्रं रखमाबाईंची होती. त्या काळी घरची गोष्ट वर्तमानपत्रात म्हणजे केवढा गहजब! १८८७ मध्ये कोर्टानं हुकूम दिला, नवऱ्याकडं जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या, पण नांदायला गेल्या नाहीत. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन त्यांनी सुरतेला बायकांच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं काम केलं. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला, त्यामागच्या चर्चेत या खटल्याचा मोठा वाटा होता. रखमाबाईंना कुणी ‘टीएमआय’ म्हणून गप्प केलं असतं, तर?

पुढं लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपला संसार भांडणांसकट मांडला. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहीत राहिल्या. त्यांचं ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपानं १९८६ मध्ये आलं. दलित बाईच्या घरातली उपासमार, बाहेरचा अपमान आणि घरातली मारहाण, तिन्ही त्यात आहेत. हे सगळं ‘घरातलं’ होतं. ते बाहेर आलं म्हणून आपल्याला आपलं कळलं.

मग रखमाबाईंची लांबलचक पत्रं योग्य आणि आमच्या वहीतले दोन शब्द चूक, असं का? आम्ही बैठकीत यावर खूप बोललो. शेवटी आम्हाला फरक सापडला तो असा. रखमाबाईंनी काय सांगायचं ते स्वतः ठरवलं. कधी सांगायचं ते स्वतः ठरवलं. कुणापुढं सांगायचं ते ठरवलं, आणि सुरुवातीला नावही झाकलं. आमच्या मैत्रिणीनं यातलं काहीच ठरवलं नव्हतं. तिनं आपलं दुखणं गटाला सांगितलं होतं, दहा जणींना, कर्जापुरतं. ते गावाला सांगितलं आम्ही.

म्हणून आम्हाला वाटतं की ‘फार माहिती’ या शब्दात मोजमाप आहे, पण ते चुकीच्या गोष्टीचं. किती सांगितलं यावर काही ठरत नाही. गोष्ट कुणाची, ती सांगायचं ठरवलं कुणी आणि ऐकणारे कोण, यावर ठरतं. ज्या बाईवर हात उगारला जातो ती बोलली तर ते टीएमआय नाही. पाळीबद्दल, अंगावरून जाण्याबद्दल मुलगी आईशी बोलली तर तेही टीएमआय नाही. ऐकणाऱ्याला अवघड वाटतं एवढ्यावरून कुणाचं तोंड बंद करू नये.

आपला कायदाही हळूहळू याच वाटेनं चाललाय. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा खटला उभा राहिला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. १९७९ मध्ये चार कायदेशिक्षकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं आणि देशभर बायका रस्त्यावर आल्या. त्यातून १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या बदलात एक कलम आलं, २२८-अ. बलात्कार सोसलेल्या बाईचं नाव किंवा ओळख छापणं, जाहीर करणं हा गुन्हा ठरला. नवीन भारतीय न्याय संहितेत तेच कलम ७२ झालं आहे. पण त्यात एक सोय आहे. त्या बाईनं स्वतः लेखी परवानगी दिली तर नाव घेता येतं. म्हणजे झाकायचं की उघडायचं, ते तिच्या हाती. खेद एवढाच की ज्या मुलीमुळं हा कायदा झाला, तिचा खटला आजही देशभर तिच्याच नावानं ओळखला जातो. आम्ही इथं ते नाव घेत नाही.

मग २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं निकाल दिला की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आधारच्या सक्तीविरुद्ध निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी न्यायालयात गेले होते, त्या प्रकरणात हा निकाल आला. त्याआधी १९५४ आणि १९६२ च्या निकालांत न्यायालयानं असा हक्क मानला नव्हता. २०२३ मध्ये संसदेनं डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. माणसाची माहिती घ्यायची तर कशासाठी घेतो ते सांगून, त्याची संमती घेऊन घ्यावी, हे त्याचं मूळ सूत्र आहे.

आता आपल्या हातातल्या फोनकडं वळू. फोनवर आपण जास्त का सांगून बसतो? आम्हाला जी कारणं दिसली ती सांगतो.

एक, समोर माणसं दिसत नाहीत. ओट्यावर बोलताना कोण बसलंय ते दिसतं, कुणी नवीन आलं की आपण विषय बदलतो. व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपमध्ये आज हजारावर माणसं असू शकतात. त्यांतली चार बोलतात, म्हणून आपल्याला वाटतं चारच आहेत.

दोन, बोललेलं विरून जात नाही. ओवी हवेत जाते, मेसेज राहतो. सर्वांसाठी डिलीट करायची सोय आहे, पण तोवर कुणी स्क्रीनशॉट काढला असेल किंवा पुढं पाठवला असेल, तर ते आपल्या हातात राहत नाही.

तीन, फोटोत आपल्याला न दिसणारंही दिसतं. पासबुकाचा फोटो टाकला की खातेक्रमांक गेला. मुलीच्या गुणपत्रिकेचा अभिमानानं फोटो टाकला की तिचं पूर्ण नाव, शाळा आणि बहुतेकदा जन्मतारीख गेली. आईबापांनी मुलांचं सगळं जगाला दाखवण्याच्या या सवयीलाही इंग्रजीत नाव पडलंय, ‘शेरेंटिंग’. फ्रान्सनं २०२४ मध्ये कायदाच केला की मुलांच्या फोटोवरचा त्यांचा हक्क आईबापांनी जपला पाहिजे.

आणि चार, माहितीला आता बाजार आहे. पूर्वी गावातली भोचकभवानी ऐकून फार तर चार घरं फिरायची. आता जन्मतारीख, आधार, खातं आणि फोन नंबर एकत्र मिळाले की फसवणारा “मी बँकेतून बोलतोय” म्हणून आपल्यालाच आपली माहिती वाचून दाखवतो. आपला विश्वास बसतो आणि आपण ओटीपी सांगतो.

आमच्या गटानं यावर ठराव केले. ते तुमच्याही वहीत उतरवून घ्या. कर्जवहीचा, हजेरीचा, पासबुकाचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकायचा नाही. ज्या ताईला द्यायचा तिला एकटीला, आणि पाठवण्याआधी वरचं नाव मोठ्यानं वाचायचं. कर्जाचं कारण वहीत ‘आरोग्य’, ‘शिक्षण’, ‘शेती’ एवढंच लिहायचं. कोणता आजार ते वहीला कळायची गरज नाही. हप्ता थकला तर नाव ग्रुपवर नाही, बैठकीत. आधारची प्रत मागितली तर मास्क्ड आधार द्यायचं. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात आणि आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून ते मिळतं. ओटीपी कुणालाही नाही, सख्ख्या भाच्यानं मागितला तरी नाही. आणि पैशांची फसवणूक झालीच तर लाज धरून घरात बसायचं नाही, लगेच १९३० या नंबरवर फोन करायचा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त. तिथं मात्र सगळं सांगायचं. तिथं काहीच फार होत नाही.

शेवटचा ठराव सगळ्यात छोटा आहे. दुसरीची गोष्ट तिला विचारल्याशिवाय पुढं न्यायची नाही. चांगली असली तरी नाही.

आता तुम्ही विचाराल, ती मैत्रीण? सचिवताई आणि आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो. सचिवताईंनी माफी मागितली. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “दुखणं माझं होतं. सांगायचं असतं तर मी सांगितलं असतं.” तिसऱ्या बैठकीला ती आली. दाराजवळ बसली. ठराव वाचून झाल्यावर तिनं अंगठा न लावता सही केली. ती सही करायला आमच्याच साक्षरता वर्गात शिकली होती. हे सगळं रेडिओवर सांगू का, असं आम्ही तिला विचारलं. ती म्हणाली, “नाव घेऊ नका, बाकी सांगा. दुसऱ्या गटात असं व्हायला नको.”

म्हणून सांगितलं. तिनं सांगा म्हटलं तेवढंच सांगितलं.

बाकी भेटीअंती बोलू. नमस्कार.